‘पूर्ण’ म्हणजे नेमके काय?
ऑनलाइन प्रशिक्षणाच्या नोंदींचे मानक निवडताना

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा बालकांच्या आहारावर किंवा लसीकरणावर लिहावे, असे प्रथम मनात होते. परंतु गेल्या वर्षी एका वेगळ्याच प्रश्नाने मला बराच काळ गुंतवून ठेवले. आपल्यापैकी अनेकांची स्वतःची रुग्णालये आहेत. काही सभासदांच्या घरची मंडळी कतारगामच्या हिरे कारखान्यांत किंवा औद्योगिक वसाहतीतील उद्योगांत व्यवस्थापनाची कामे पाहतात. कर्मचाऱ्यांना संगणकावर अथवा मोबाइलवर प्रशिक्षण देण्याची पद्धत आता या सर्वच ठिकाणी रूढ झाली आहे. त्या प्रशिक्षणाची नोंद कशी ठेवावी, हा आजच्या लेखाचा विषय. विषय तांत्रिक असला, तरी त्याचा शेवट प्रसूतिगृहातील एका नवजात बालकापाशी होतो, म्हणून बालरोगतज्ज्ञाने त्यावर लिहिणे अगदीच अस्थानी ठरू नये.

एक अनुभव

मी सल्लागार म्हणून जात असलेल्या एका रुग्णालयातून रात्री दोनच्या सुमारास बोलावणे आले. बाळ जन्मतः रडले नव्हते. मी पोहोचेपर्यंत तेथील तरुण परिचारिका अंबू बॅगने श्वास देण्याचा प्रयत्न करीत होती, पण मास्क चेहऱ्यावर नीट बसलेला नव्हता आणि बाळाची छाती हलत नव्हती. मास्क नीट बसवला, मान योग्य स्थितीत आणली आणि अर्ध्या मिनिटात बाळाच्या हृदयाची गती वाढली. बाळ सुखरूप घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या प्रशिक्षणाची नोंद मागवली. नवजात पुनरुज्जीवनाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासमोर ‘पूर्ण’ असे लिहिले होते आणि गुण होते शंभरपैकी नव्वद. तिला विचारले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “सर, मी सगळे व्हिडिओ पाहिले होते, प्रश्नही सोडवले होते. पण मास्क हातात कधी धरलाच नव्हता.”

दोष तिचा नव्हता. नोंदही खोटी नव्हती. ज्या गोष्टीला त्या नोंदवहीत रकानाच नव्हता, ती गोष्ट कोणी विचारली नाही आणि कोणी शिकवलीही नाही.

वेळेवर जन्मलेल्या शंभर बाळांपैकी सुमारे पंच्याऐंशी बाळे आपोआप श्वास घेऊ लागतात. आणखी सुमारे दहा बाळे अंग पुसल्यावर व हलके चोळल्यावर श्वास घेतात. उरलेल्या सुमारे पाच जणांना बॅग व मास्कने श्वास द्यावा लागतो आणि त्यासाठी हाताशी असतो तो पहिला एक मिनिट. भारत सरकारने २००९ साली सुरू केलेला नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम आणि आपल्या इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचे पुनरुज्जीवन प्रशिक्षण या दोहोंचा भर याच मिनिटावर आहे. ते मिनिट साधते की नाही, हे व्हिडिओ किती पाहिला यावरून कळत नाही.

मानक म्हणजे ठरवून घेतलेले रकाने

नंदुरबार किंवा धुळे जिल्ह्यातून कामासाठी सुरतेत आलेल्या कुटुंबाचे मूल माझ्यासमोर येते, तेव्हा आई पदराआडून लसीकरणाचे कार्ड काढते. कार्ड मराठीत असते, माझी परिचारिका गुजराती असते, तरीही तिला ते वाचता येते. कारण लसींची नावे, वय आणि तारखेचे रकाने दोन्ही राज्यांत सारखेच आहेत. गावाकडच्या आरोग्यसेविकेची आणि सुरतेच्या परिचारिकेची कधी भेट झालेली नसते, पण नोंद कशी लिहायची हे दोघींसाठी आधीच ठरलेले असते. मानक म्हणतात ते यालाच.

ऑनलाइन प्रशिक्षणातही दोन पक्ष असतात. एक अभ्यासक्रम, म्हणजे चित्रे, ध्वनिचित्रफिती आणि प्रश्नांची गुंफण. दुसरी प्रशिक्षण व्यवस्थापन प्रणाली, जिला एलएमएस म्हणतात. कोण शिकले, किती शिकले याची वही तिच्याकडे असते. अभ्यासक्रम एका कंपनीने बनवलेला असतो आणि प्रणाली दुसऱ्या कंपनीची असते. दोघांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे नोंदींचे मानक ठरवते. मात्र लसीकरण कार्डाप्रमाणेच येथेही ज्या गोष्टीला रकाना नाही, ती नोंदली जात नाही. म्हणून मानक निवडणे म्हणजे कर्मचाऱ्याविषयी उद्या कोणता प्रश्न विचारता येईल, हे आजच ठरवून टाकणे होय.

चार मानके

पहिले एआयसीसी. विमान उद्योगातील संगणकीय प्रशिक्षणासाठी १९८८ साली स्थापन झालेल्या समितीचे हे नाव. निरनिराळ्या उत्पादकांच्या विमानांचे प्रशिक्षण एकाच यंत्रणेवर चालावे, ही त्यामागील गरज. ती समिती २०१४ साली विसर्जित झाली. जुन्या अभ्यासक्रमांत हे मानक अजून आढळते, पण नवीन खरेदीत ते मागू नये.

दुसरे स्कॉर्म. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने १९९७ साली सुरू झालेल्या एडीएल या उपक्रमातून ते जन्मले. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ साली आली आणि वीस वर्षे उलटून गेली तरी ती आजही सर्वत्र चालते. मूडलसारख्या विनामूल्य प्रणालीतही तिची सोय आहे. अभ्यासक्रमाची एक झिप फाइल प्रणालीत चढवली की काम सुरू होते. हा साधेपणा हीच तिची मोठी शक्ती.

परंतु तिच्या मर्यादाही माहीत हव्यात. स्थितीसाठी तिच्यात एकच रकाना आहे. ‘पूर्ण झाले’ आणि ‘उत्तीर्ण झाले’ या दोन भिन्न गोष्टी त्या एकाच रकान्यात बसवाव्या लागतात. कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले याची नोंद ठेवणे प्रणालीवर बंधनकारक नाही, त्यामुळे सर्व परिचारिका कोणत्या एका प्रश्नावर अडखळतात हे अनेकदा कळतच नाही. अर्धवट सोडलेला धडा पुढे सुरू करण्यासाठी लागणारी माहिती ४०९६ अक्षरांत मावली पाहिजे. लांबलचक अभ्यासक्रमात ती मावली नाही, की रात्रपाळीतली परिचारिका दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानावर येते. शिवाय हे सारे प्रणालीतून उघडलेल्या ब्राउझरच्या खिडकीतच घडावे लागते. मध्येच नेटवर्क गेले किंवा खिडकी बंद झाली, तर शेवटची नोंद हरवू शकते.

स्कॉर्मची २००४ ही पुढील आवृत्ती. तिने पूर्णता आणि यश यांसाठी दोन स्वतंत्र रकाने केले, प्रश्नोत्तरांची नोंद प्रणालीसाठी अनिवार्य केली, आणि तिसऱ्या संस्करणापासून धडा पुढे सुरू करण्याच्या माहितीसाठी ६४,००० अक्षरांची जागा दिली. तिच्यात धड्यांचा क्रम ठरवण्याचे नियमही आले, पण ते इतके किचकट निघाले की सर्व प्रणालींनी ते पूर्णपणे अंगीकारले नाहीत. ‘आम्ही स्कॉर्म चालवतो’ असे विक्रेता म्हणाला, तर कोणती आवृत्ती आणि कोणते संस्करण, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

तिसरे एक्स-एपीआय. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २०१३ साली आली, आणि २०२३ साली आयईईई या संस्थेने दुसरी आवृत्ती आपले मानक म्हणून प्रसिद्ध केली. यात रकान्यांऐवजी वाक्ये असतात. शाळेतल्या व्याकरणातील कर्ता, कर्म आणि क्रियापद आठवावेत. ‘अमुक सिस्टरने मॅनिकिनवरील मास्कचा सराव उत्तीर्ण केला’ असे एक वाक्य तयार होते. त्याला वेळ, गुण आणि कोणाच्या देखरेखीखाली हे घडले ते जोडता येते. अशी वाक्ये एलआरएस नावाच्या भांडारात साठतात. कृती ब्राउझरमध्येच घडली पाहिजे, ही अट येथे नाही. मोबाइलवर नेटवर्क नसताना केलेला सराव नंतर पाठवता येतो आणि प्रशिक्षकाने प्रत्यक्ष पाहिलेली कृतीही नोंदवता येते. माझ्या त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी लिहिता आले असते.

पण स्वातंत्र्याबरोबर शिस्तही लागते. एकाने ‘पूर्ण केले’ म्हटले, दुसऱ्याने ‘संपवले’ म्हटले आणि तिसऱ्याने ‘पाहिले’ म्हटले, तर वाक्ये हजारो जमतील आणि त्यांची बेरीज कधीच होणार नाही. ही अडचण ओळखूनच चौथे मानक पुढे आले.

ते म्हणजे सीएमआय-५. त्याची पहिली आवृत्ती २०१६ सालची. त्याचे बीज एआयसीसीच्या शेवटच्या काळातले आणि पाया एक्स-एपीआयचा. एलएमएसमधून अभ्यासक्रम कसा उघडायचा, त्याच्या जीवनक्रमासाठी कोणती नऊ क्रियापदे वापरायची आणि त्यांचा अर्थ काय, हे त्याने निश्चित केले. विशेष म्हणजे पुढे जाण्याची अट काय, पूर्णता, उत्तीर्णता, दोन्ही की दोहोंपैकी एक, हे अभ्यासक्रम बनवतानाच लिहून ठेवता येते. म्हणजे ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ गृहीत धरावा लागत नाही, तो सांगता येतो. उणीव इतकीच की सर्व एलएमएसमध्ये त्याची सोय अजून झालेली नाही.

आपल्याकडचे एक मोठे उदाहरण

आपल्या आप्तेष्टांपैकी जे महाराष्ट्रात शिक्षक आहेत, त्यांना ‘दीक्षा’ हे नाव परिचित असेल. केंद्र शासनाचे हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड मोबाइलने टिपला की त्यावरील पाठ उघडतो. कोविडच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये याच व्यासपीठावर ‘आयगॉट’ या नावाने डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. पुढे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर झाले आणि त्याचेही स्वतंत्र व्यासपीठ उभे राहिले.

दीक्षा ज्या ‘सनबर्ड’ या मुक्त प्रणालीवर उभी आहे, तिने घटनांच्या नोंदीची स्वतःची पद्धती ठरवली. आरंभ, शेवट, कृती, मूल्यमापन अशा घटना ठरावीक नमुन्यात लिहिल्या जातात. कोट्यवधी विद्यार्थी व शिक्षक, स्वस्त मोबाइल आणि वारंवार तुटणारे नेटवर्क ही ज्यांची परिस्थिती, त्यांनी स्वतःची भाषा घडवणे समजण्यासारखे आहे. त्यांच्याकडे ती सांभाळणारी माणसे होती आणि तिचा नमुना सर्वांसाठी खुला होता. पन्नास खाटांच्या रुग्णालयाने मात्र कोणा विक्रेत्याच्या खासगी नमुन्यात अडकू नये. तो विक्रेता बदलला, की आपल्या नोंदी वाचणारे कोणी उरत नाही. मला माहीत असलेल्या एका संस्थेत प्रणाली बदलताना चार वर्षांच्या नोंदी फक्त छापील कागदावर मिळाल्या आणि कर्मचाऱ्यांना सारे अभ्यासक्रम पुन्हा करावे लागले.

निवड करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

आमच्या परिसरातील तीन लहान रुग्णालयांनी परिचारिकांचे प्रशिक्षण एकत्रितपणे करण्याचे ठरवले, तेव्हा आम्ही पुढील प्रश्न कागदावर लिहून विक्रेत्यांसमोर ठेवले. वाचकांनाही ते उपयोगी पडावेत.

१) वर्षअखेर आपल्याला कोणता प्रश्न विचारायचा आहे? ‘कोणी वाचले’ एवढेच हवे असेल, तर स्कॉर्म १.२ पुरेसे आहे. ‘कोणाला करता येते’ हे हवे असेल, तर प्रत्यक्ष कृतीची नोंद घेणारे मानक हवे, किंवा निदान त्यासाठी वेगळी वही हवी.

२) शिकणारा कोठे आणि कशावर शिकणार? प्रशिक्षण कक्षातील संगणकावर की घरी जाताना बसमध्ये मोबाइलवर? नेटवर्क तुटल्यास नोंदीचे काय होते, हे विक्रेत्याला प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे.

३) व्यक्तीची ओळख कशाने पटणार? लहान रुग्णालयांत एकाच ईमेलवर चारजणी अभ्यासक्रम करतात. एक्स-एपीआयमध्ये ईमेल किंवा खाते यांवरूनच कर्ता ओळखला जातो, म्हणून अशी नोंद कोणाचीच राहत नाही. परिचारिका परिषदेचा नोंदणी क्रमांक वापरल्यास रुग्णालय बदलले तरी ओळख बदलत नाही. मात्र ही माहिती वैयक्तिक आहे. तिच्या रक्षणासाठी २०२३ साली कायदा झाला असून ती कोण पाहणार, हे आधीच ठरवले पाहिजे.

४) अभ्यासक्रमाची मूळ फाइल कोणाची? हल्ली अभ्यासक्रम बनवण्याच्या प्रचलित साधनांतून एकच मूळ फाइल स्कॉर्ममध्ये काढता येते आणि सीएमआय-५ मध्येही. मूळ फाइल आपल्या ताब्यात असेल, तर मानक बदलणे हे काही तासांचे काम ठरते, नाहीतर नव्याने खरेदी करावी लागते. करारात हे कलम असलेच पाहिजे.

५) नोंदी बाहेर कशा काढता येतील? दर तिमाहीला सर्व नोंदी साध्या तक्त्याच्या स्वरूपात आपल्याकडे उतरवून घेता आल्या पाहिजेत.

६) हे सर्व चालते, याचा पुरावा काय? नमुन्याचा एक अभ्यासक्रम आपल्या प्रणालीत चढवून, अर्धवट सोडून, पुन्हा उघडून, मुद्दाम नापास होऊन पाहावे. नोंद काय दिसते ते पाहिल्यावरच सही करावी.

आम्ही काय ठरवले

आमच्यापाशी मनुष्यबळ आणि पैसा दोन्ही बेताचे होते. म्हणून ज्ञानाच्या भागासाठी आम्ही स्कॉर्म १.२ चे छोटे छोटे धडे घेतले. प्रत्येक धडा पंधरा मिनिटांचा, म्हणजे जागेची मर्यादा आड येत नाही आणि नोंद हरवली तरी एकच धडा पुन्हा करावा लागतो. मूळ फाइल आमच्या नावे राहील आणि पुढे ती सीएमआय-५ मध्ये काढून मिळेल, असे करारात लिहून घेतले.

कौशल्याच्या भागासाठी मॅनिकिनवरील तपासयादी केली. मास्क बसला का, छाती हलली का, श्वासांची गती मिनिटाला चाळीस ते साठ राहिली का आणि हे सारे पहिल्या मिनिटात सुरू झाले का. प्रशिक्षक मोबाइलवर ही यादी भरतो आणि तिचे एक्स-एपीआय वाक्य होऊन भांडारात जाते. पुनरुज्जीवनाचे कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते, हे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. त्यामुळे या वाक्यावरची तारीख आम्हाला गुणांपेक्षाही महत्त्वाची वाटते. सहा महिन्यांहून जुने वाक्य असलेल्या परिचारिकेला पुन्हा सरावाला बोलावले जाते. दोन्ही नोंदी असल्याशिवाय ‘पूर्ण’ हा शब्द आता कोणाच्याही नावापुढे लागत नाही.

ज्यांच्याकडे पंधरा-वीसच कर्मचारी आहेत, त्यांनी एवढाही पसारा करण्याची आवश्यकता नाही. मूडल, स्कॉर्म १.२ चे धडे आणि सरावाची साधी सही-तारखेची वही एवढ्यावर उत्तम काम चालते. मानक नवे आहे म्हणून घ्यावे, असे मुळीच नाही.

समारोप

कतारगामच्या कारखान्यांत हिऱ्याचे पाकीट एका कारागिराकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर वजन लिहिले जाते. त्या चिठ्ठीवर सारा व्यवहार चालतो. पण वजनाच्या चिठ्ठीवरून हिऱ्याचे पाणी कळत नाही, ते पारख्याला भिंगातून पाहावे लागते. प्रशिक्षणाच्या नोंदीचेही तसेच आहे. डॉक्टरांसाठी २००२ च्या नीतिनियमांनी पाच वर्षांत तीस तासांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाची अपेक्षा ठेवली, आणि आपणही ते तास मोजत आलो. तास मोजावेतच. परंतु त्या तासांनी आपल्या हाताला काय आले, हा प्रश्न परिचारिकांना विचारण्यापूर्वी आपण स्वतःलाही विचारला, तर बरे होईल.

ती तरुण परिचारिका आज आमच्या सराव वर्गात इतरांना मास्क धरायला शिकवते. तिच्या नोंदीत एक नवे वाक्य जमा झाले आहे आणि त्यावर कालचीच तारीख आहे.

सभासदांपैकी ज्यांना आपल्या रुग्णालयासाठी अशी व्यवस्था करावयाची असेल, त्यांनी वरील सहा प्रश्नांचा कागद जवळ ठेवून विक्रेत्याशी बोलावे. त्यातून एखाद्या बाळाचे पहिले मिनिट जरी वाचले, तरी या लेखाचे प्रयोजन सफल झाले, असे मी समजेन.